काटेबाईंचं चौथं गणित

कारखान्यात नवा आलेला माणूस पहिले सहा महिने त्यांचं आडनाव काटे आहे असंच धरून चालायचा. मग कधीतरी हजेरीपटावर खरं आडनाव त्याच्या नजरेस पडायचं आणि तो येऊन विचारायचा, "बाई, मग तुम्हाला काटेबाई का म्हणतात?"

बाई मान न वळवता म्हणायच्या, "दिवसभर काट्याकडे बघत असते म्हणून. तू माझ्याकडे काय बघतोस? तुझ्या लेथकडे बघ."

एकोणीस वर्षं त्या काट्याकडेच बघत होत्या. कारखाना स्प्रिंगांचा. त्याच्या एका टोकाला माल तपासायची खोली, खोलीत एक जुनं दाबमशीन आणि मशीनवर जेवणाच्या ताटाएवढी तबकडी. स्प्रिंग मशीनमध्ये उभी करायची, चाक फिरवून दहा मिलिमीटर दाबायची, त्याला किती किलो लागले ते काट्यावर वाचायचं आणि वहीत लिहायचं. दिवसाला दोनशे स्प्रिंगा. बाईंची नजर अशी तयार झाली होती की काटा थांबायच्या आधीच तो कुठे थांबणार हे त्यांना कळायचं.

एवढं असून त्यांना लिहायचाच काय तो अधिकार होता. पास की नापास हा शिक्का साहेबांच्या खणात. साहेब बाईंच्या भाच्याच्या वयाचे, स्वभावाने वाईट म्हणावेत असे मुळीच नव्हेत, पण कायम घोड्यावर बसलेले. तीन वर्षांपूर्वी एका लॉटमधल्या दहापैकी चार स्प्रिंगा मऊ निघाल्या. बाईंनी आकडे लिहिले आणि खाली पेन्सिलीने 'नापास' असंही लिहिलं. साहेबांनी खोडरबर घेऊन तो शब्द पुसला.

"बाई, पाच-सहा किलोचा तर फरक. आणि माल गाडीत चढलाय."

माल नेहमीच गाडीत चढलेला असायचा. त्या स्प्रिंगा मालाच्या लिफ्टखाली बसणार होत्या, लिफ्ट वरून घसरलीच तर तिला झेलायला. मालाच्या लिफ्टमध्ये नुसता माल नसतो, तो चढवणारी माणसंही असतात. बाई त्या दिवशी मूग गिळून गप्प बसल्या आणि घरी जाऊन स्वतःवरच चिडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तपासनीसाच्या परीक्षेचा अर्ज भरला. तपासनीस झालं की शिक्का आपल्या हातात. मग साहेबच काय, साहेबांचे साहेब आले तरी नापास ते नापास.

परीक्षा वर्षातून एकदा आणि संधी तीनच. मालाचा पेपर आणि आराखड्याचा पेपर बाईंनी पहिल्याच फटक्यात मारला. घोडं पेंड खायचं ते भौतिकशास्त्राच्या पेपरात. पाच गणितं, त्यातली तीन बरोबर यायला हवीत. पहिल्या वर्षी एक आलं, दुसऱ्या वर्षी दोन. आता ही तिसरी आणि शेवटची खेप. परीक्षेला सहा आठवडे उरले होते, आणि बाईंनी ठरवलं होतं की शेंडी तुटो की पारंबी, यंदा शिक्का आणायचाच.

शिकवणारे घरातच होते. सासरेबुवा त्याच कारखान्यात छत्तीस वर्षं काढून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. दाबमशीन चालवायला बाईंना त्यांनीच शिकवलं होतं. नवरा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक घेऊन जायचा, मुलगी शिकायला बाहेरगावी. तिचं बारावीचं पुस्तक मागे राहिलं होतं, समासात फुलं-पानं काढलेलं. संध्याकाळी बाई कामावरून आल्या की सून आणि सासरे जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसत. मध्ये पुस्तक, वही आणि सासरेबुवांची चष्म्याची डबी.

"वाच," सासरेबुवा म्हणायचे.

बाई वाचायच्या, "एका स्प्रिंगला दहा किलोचं वजन टांगलं की ती पाच मिलिमीटर ताणते. ती आडवी ठेवून तिच्यावर पाच किलोची गाडी सेकंदाला एक मीटर वेगाने आदळली. स्प्रिंग किती दबेल?"

"सोपं आहे. गाडीची ऊर्जा सगळी स्प्रिंगमध्ये गेली. मांड."

बाई मांडायच्या. दहा किलोला पाच मिलिमीटर, म्हणजे मीटरला दोन हजार. हा झाला स्प्रिंगचा ताठपणा. गाडीच्या वस्तुमानाला ताठपणाने भागा, वर्गमूळ काढा, वेगाने गुणा. उत्तर आलं पन्नास मिलिमीटर. पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलं होतं सोळा.

"पुस्तकात छपाईची चूक असणार," सासरेबुवा म्हणाले.

"बाबा, मागच्या गणितातही छपाईची चूक होती. त्याच्या मागच्यातही."

"मग तीन चुका असतील. हल्ली पुस्तकं छापतात कोण? ज्यांनी जन्मात स्प्रिंग हातात धरली नाही असले लोक."

सासरेबुवांचं हे असंच होतं. पडलो तरी नाक वर. चूक त्यांच्या घराचा पत्ता विसरलेली आहे असा त्यांचा पक्का समज होता, आणि छत्तीस वर्षं हाताखालच्या माणसांनी तो त्यांना जपून वाढवू दिला होता. बाई त्यांच्याशी वाद घालत नसत. पण पन्नास आणि सोळा हे दोन आकडे त्यांच्या डोक्यातून जाईनात. भाजी चिरताना, बसच्या रांगेत, मशीनचं चाक फिरवताना, पन्नास आणि सोळा.

विचित्र गोष्ट अशी की काही गणितं अगदी बिनचूक यायची. स्प्रिंगला दहा किलोने पाच मिलिमीटर ताण पडतो तर वीस किलोने किती, असलं काही असलं की बाईंचं उत्तर पुस्तकाशी तंतोतंत जुळायचं. उभ्या स्प्रिंगचं गणित बरोबर, धावत्या गाडीचं चूक. आणि धावत्या गाडीचंही प्रत्येक चूक नव्हतं. गणितात ताठपणाचा आकडा तयार दिलेला असला तर तेही बरोबर. कधी येतंय आणि कधी नाही, हे बाईंना आजवर कोणी मोजून सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतःच मोजायचं ठरवलं. मोजणं हा तर त्यांचा धंदाच होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तपासणीच्या वहीचं एक कोरं पान उघडलं. एखादा लॉट बिघडला की त्या करायच्या तसंच केलं. एका रकान्यात यायला हवा तो आकडा, दुसऱ्यात आलेला आकडा, तिसऱ्यात फरक. सोळा आणि पन्नास. पंचवीस पूर्णांक सहा आणि ऐंशी. दहा पूर्णांक एक आणि एकतीस पूर्णांक सहा. फरक वजाबाकीने काढून बघितला, काही हाती लागलं नाही. मग भागाकार केला.

तीन पूर्णांक तेरा. तीन पूर्णांक तेरा. तीन पूर्णांक तेरा.

बाईंचा घास हातातच राहिला. दहा स्प्रिंगा दहा तऱ्हेने बिघडल्या तर तो कारागिराचा हात. दहाच्या दहा एकाच मापाने बिघडल्या तर दोष कारागिराचा नव्हे, मशीन कुठेतरी सरकलेलं असतं. म्हणजे आपण गणितात कच्च्या नाही! आपलं मशीन सरकलंय. हा विचार आला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या बाकड्यावर झोपलेल्या वेल्डरला उठवून सांगावंसं वाटलं. त्यांनी सांगितलं नाही, कारण वेल्डरच्या झोपेत हात घालणं धोक्याचं होतं.

पण सरकलंय कुठे? सूत्रात स्प्रिंगचा ताठपणा वर्गमुळाच्या आत बसतो. म्हणजे खोट त्या आकड्यात असेल तर ती बाहेर येताना वर्गमूळ होऊनच येणार. बाईंनी तीन पूर्णांक तेराचा वर्ग केला. नऊ पूर्णांक आठ.

हा आकडा त्यांनी कुठेतरी पाहिला होता. दुपारभर त्यांनी स्प्रिंगा दाबल्या आणि आठवत राहिल्या. बसमध्ये पुस्तक काढलं. तिसऱ्याच धड्यात होता तो, चौकटीत, मुलीने त्याच्याभोवती पाकळ्या काढून फूल केलेलं. पृथ्वी ज्या नेटाने वस्तू खाली ओढते तो आकडा.

घरी येऊन त्यांनी चपलाही नीट काढल्या नाहीत.

"बाबा, सापडलं. किलो हा जोर नाही."

सासरेबुवा दाढी करत होते. "काय नाही?"

"जोर. आपण मशीनवर दहा किलो जोर म्हणतो ना, तो दहा किलो मालाला पृथ्वी ओढते तेवढा जोर असतो. दहाला नऊ पूर्णांक आठने गुणायचं, मग अठ्ठ्याण्णव न्यूटन. ताठपणा त्यातून काढायचा. आपण गुणतच नाही. उभ्या स्प्रिंगला चालून जातं, कारण दोन्ही बाजूंना किलोच असतात. गाडी आडवी धावत आली की फसतं."

"न्यूटन कुठल्या दुकानात मिळतो?" सासरेबुवा आरशातच बघत म्हणाले. "छत्तीस वर्षं किलोने दाबल्या स्प्रिंगा. तबकडीवर काय लिहिलंय? किलो. माझ्या हातचा एकही माल परत आला नाही."

"माल बरोबरच होता, बाबा. गणित चुकतंय."

"माल बरोबर आणि गणित चूक! ऐका!" साबणाच्या फेसातून त्यांचा गाल लाल झालेला दिसत होता. "उद्या म्हणशील मलाच काही येत नाही."

एरवी बाई इथे थांबल्या असत्या. सासऱ्यांच्या तोंडाला तोंड देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि शिकवलेलं सगळं याच माणसाने शिकवलेलं. पण परीक्षेला सहा आठवडे होते आणि नंतर परीक्षा नव्हती.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" त्या म्हणाल्या. "रविवारी करूनच बघू. पन्नास आले तर तुमचं खरं, मी परत तोंड उघडणार नाही. सोळा आले तर पुस्तकाचं."

असं आव्हान मिळाल्यावर मागे हटेल तो फोरमन कसला? रविवारी सकाळी घरातला लांब बोळ मोकळा झाला. कुंड्या हलवायची चाकांची फळी होती, तिच्यावर वाळूची पिशवी बांधून सासरेबुवांनी ती पाच किलो भरेल अशी केली. तीनदा तोलली. भंगारातली एक स्प्रिंग बाईंनी साहेबांना विचारून आणली होती, बरोबर एका मिलिमीटरला दोन किलोची. ती भिंतीशी आडवी बसवली. वेग कसा मोजायचा हा प्रश्न आला तेव्हा सासरेबुवाच म्हणाले, "मोजायचा कशाला? पत्रा टेकवून उतार कर, त्यावरून सोड. एक्कावन्न मिलिमीटर उंचीवरून सुटली की खाली येईतो सेकंदाला एक मीटर होते." हेही त्यांना येत होतं, कागदाशिवाय. गाडीच्या बाजूला पेन्सिल बांधली, खाली कागद चिकटवला. गाडी स्प्रिंगला टेकते तिथे एक रेघ, आणि पेन्सिल जिथवर पोहोचेल तिथवर माप.

"पन्नास," सासरेबुवा म्हणाले आणि त्यांनी कागदावर पन्नासची खूण आधीच करून ठेवली.

बाईंनी गाडी सोडली. ती खडखडत आली, स्प्रिंगला भिडली आणि झटक्यात मागे फिरली. सासरेबुवा गुडघ्यांवर टेकून वाकले. त्यांनी पट्टी लावली. पट्टी पुसून परत लावली.

"चौदा," ते म्हणाले. "परत सोड."

चौदा. परत सोड. पंधरा. परत सोड. बाईंनी अकरा वेळा सोडली. पन्नासची खूण तिकडे लांब एकटीच पडली होती. अकराव्या वेळेनंतर सासरेबुवा भिंतीला टेकून जमिनीवरच बसले.

"दोन मिलिमीटर चाकांनी खाल्ले," ते हळूच म्हणाले.

"हो, बाबा."

"म्हणजे सोळाच."

बाईंना जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्यांना वाईटच वाटलं. सासरेबुवांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग एकदम खेकसले, "माझ्या तोंडाकडे काय बघतेस? वही आण. पहिल्यापासून सगळी परत सोडव. आणि प्रत्येक किलोला गुणलंस की नाही, ते मी तपासणार."

परीक्षेपर्यंत त्यांनी रोज तपासलं. किलो दिसला की सासरेबुवा टेबलावर बोट आपटत. दोघांनी मिळून एकशे चाळीस गणितं सोडवली. वाळू रगडून तेल काढायचंच तर एवढं रगडावं लागतं.

परीक्षा एका तंत्रविद्यालयात होती. सकाळी लेखी, दुपारी तोंडी, आणि तोंडीच्या वेळीच निकाल. बाईंना सोडायला म्हणून सासरेबुवा आले आणि दारातल्या बाकावर ठाण मांडून बसले.

पहिल्या दोन गणितांत किलो होते. बाईंनी गुणलं, सोडवलं, उलटं करून ताळा बघितला. बरोबर. तिसऱ्यात आकडेमोड कुठेतरी घसरली आणि उत्तर वेडंवाकडं आलं. परत करायला वेळ नव्हता. चौथं होतं दोन गाड्यांचं: दोन किलोची गाडी सेकंदाला तीन मीटर वेगाने येते, उभ्या असलेल्या चार किलोच्या गाडीला धडकते, दोन्ही एकमेकींत अडकतात आणि तशाच पुढे जाऊन स्प्रिंग दाबतात. ताठपणा तयार दिलेला, मीटरला सहाशे न्यूटन. म्हणजे इथे गुणायची भानगडच नाही. बाईंना हायसं वाटलं. पहिल्या गाडीची ऊर्जा काढली, नऊ. ती सगळी स्प्रिंगमध्ये घातली. उत्तर एकशे त्र्याहत्तर मिलिमीटर. पाचवं अर्धं झालं आणि घंटा वाजली.

मधल्या सुट्टीत त्या उपाहारगृहात बसल्या. मनात हिशेब चालू होता: पहिलं, दुसरं, चौथं. तीन. काठावर का होईना, झालं.

कामगार रिकाम्या ताटांच्या ढकलगाड्या गोळा करत होता. त्याने एक गाडी लांबूनच ढकलून दिली. ती घरंगळत जाऊन दुसरीला भिडली, दोन्ही एकमेकींत अडकल्या, आणि असा काही धडाका झाला की चार माणसं दचकून वळली. पुढे त्या अडकलेल्या गाड्या जेमतेम हातभर सरकल्या आणि थांबल्या. इतका वेग होता, गेला कुठे?

एवढा आवाज फुकट होत नाही. एकमेकींत घुसायला, वाकायला, दणका द्यायला ऊर्जा लागते, आणि ती धडकेतच खर्च होते. धडकेतून शाबूत पार होतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; ऊर्जा नव्हे. सहा आठवडे त्या एकाच भोकावर बोट ठेवून बसल्या होत्या आणि पाणी दुसरीकडून गेलं होतं. त्यांनी हात पुसायच्या कागदावर गणित मांडलं. दोन गुणिले तीन, सहा. गाड्या मिळून सहा किलो. म्हणजे वेग उरला एक. ऊर्जा उरली तीन. नवातल्या सहा धडकेत गेल्या. स्प्रिंग दबणार शंभर मिलिमीटर, एकशे त्र्याहत्तर नव्हे.

म्हणजे दोनच गणितं बरोबर. तिसरी संधी संपली. बाईंना रडू आलं नाही, राग आला, स्वतःचाच. कागदाचा बोळा करून त्या उठल्या आणि तोंडीला गेल्या. आत जाऊन नापास ऐकायचं, पण मान खाली घालून नाही, एवढंच त्यांनी ठरवलं.

परीक्षक साठीच्या आसपासचे, सडसडीत, बोलणं मोजकं. समोर बाईंची उत्तरपत्रिका आणि वरून छापून आलेली उत्तरसूची.

"बसा. काठावर आहात, पण झालात. तीन बरोबर. पहिलं, दुसरं आणि चौथं."

बाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी वाकून बघितलं. चौथ्या गणितावर लाल खूण होती. शेजारच्या उत्तरसूचीत चौथ्यापुढे स्वच्छ छापलं होतं: एकशे त्र्याहत्तर.

ज्याने सूची काढली तोही त्याच खड्ड्यात पडला होता.

खोलीत पंखा फिरत होता. परीक्षक निकालाचा कागद पुढे ओढून त्यावर काहीतरी लिहायला लागले होते. बाई बसल्या होत्या. चूक सूचीची होती, त्यांनी कोणाला फसवलं नव्हतं. गप्प बसलं की झालं. शिक्का हातात आला की लिफ्टखालच्या हजार स्प्रिंगा त्या नीट बघणार होत्या, मग एका कागदी गाडीचं काय एवढं? पाच-सहा किलोचा तर फरक, माल गाडीत चढलाय. हे वाक्य आपण साहेबांच्या आवाजात म्हणतोय हे लक्षात आलं तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला.

"सर, चौथं चुकलंय."

"नाही, बरोबर आहे."

"माझं चुकलंय आणि सूचीतही चुकलंय. गाड्या अडकतात, त्या धडकेत ऊर्जा जाते. उत्तर शंभर मिलिमीटर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. गणित वाचलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात मांडलं, खोडलं नाही की काही नाही, एका दमात उतरवलं. मग ते सूचीशी ताडून बघितलं.

"आज सकाळपासून अकरा जणांना मी यावर खूण दिली," ते म्हणाले. "ती सगळी आता परत बघावी लागतील. तुम्ही बोलला नसतात तर मला कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना."

"हे कापलं की तुमची दोनच राहतात. कल्पना आहे?"

"आहे."

"तिसरी संधी आहे तुमची."

"तेही माहीत आहे, सर. कापा."

परीक्षकांनी ती खूण कापली. लाल रेघ कागदावर आडवी गेली तेव्हा बाईंनी ती शेवटपर्यंत बघितली. मग परीक्षक उठले आणि त्यांनी फळ्याजवळचा खडू उचलून बाईंच्या समोर धरला.

"तोंडीत एक गणित घालायचा अधिकार मला आहे. अकरा जणांनाही घालणार आहे. लेखीत ज्याचं एक कमी पडतं त्याचं ते यात धरता येतं. पण मी मदत करणार नाही आणि परत विचारणारही नाही. एकदाच."

"घाला."

"स्प्रिंगला वीस किलो टांगले की ती दहा मिलिमीटर ताणते. आता ती आडवी आहे. तीन किलोची गाडी, वेग चार. नऊ किलोच्या उभ्या गाडीला धडकते, अडकते, दोन्ही मिळून स्प्रिंग दाबतात."

दोन्ही खड्डे एकाच रस्त्यावर. बाईंनी पदर खोचला. त्यांनी अक्षर मोठं काढलं. वीस गुणिले नऊ पूर्णांक आठ, एकशे शहाण्णव न्यूटन. त्याला दहा मिलिमीटरने भागा, मीटरला एकोणीस हजार सहाशे. तीन चोक बारा, हा संवेग. गाड्या मिळून बारा किलो, म्हणजे वेग एक. ऊर्जा सहा. चोवीस आधी होत्या, अठरा धडकेत गेल्या, त्यांना विसरायचं. बाराला एकोणीस हजार सहाशेने भागून वर्गमूळ. एकोणीस हजार सहाशेचं मूळ एकशे चाळीस, हे सरळ निघालं. बाराचं त्यांनी तीन वेळा काढलं.

"चोवीस पूर्णांक सात मिलिमीटर," त्या म्हणाल्या. मग फळ्यावरचं सगळं वरपासून खालपर्यंत एकदा बोट ठेवून वाचलं, रोज काटा वाचायच्या तसं. "हो. चोवीस पूर्णांक सात. हे मी देते."

परीक्षकांनी निकालाचा कागद पूर्ण केला आणि त्यांच्याकडे फिरवला. उत्तीर्ण.

बाहेर बाकावर सासरेबुवा बसल्या जागी डुलकी घेत होते. पावलं ऐकून ते खडबडून उठले. "काय झालं? इतका वेळ? झालीस का?"

"झाले," बाई म्हणाल्या, आणि तिथेच त्यांच्या शेजारी बसून घडलं ते सगळं सांगितलं. सूचीतली चूक, लाल खूण, कापलेली खूण, फळा. सासरेबुवा एकदाही मध्ये बोलले नाहीत. असं कधी होत नसे.

"तुला खूण मिळालेली होती," अखेर ते म्हणाले. "नुसतं उठून यायचं होतं."

"हो."

ते समोरच्या जिन्याकडे बघत राहिले. "मी गप्प बसलो असतो, पोरी." एवढं म्हणायला त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. "छत्तीस वर्षांत कितीदा तरी बसलोय."

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. सासऱ्यांचा हात धरायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

"मीही बसले होते, बाबा," त्या म्हणाल्या. "चांगली दोन मिनिटं."